मंदीतला फ्लॅट : बालेवाडीतल्या एका खरेदीचा संपूर्ण हिशेब

पुण्यात नोकरी करणारं एक दांपत्य. नोव्हेंबर २०२०. हातात बारा लाख मोकळे, आणखी दहा लाख दोन वर्षांत जमतील असा अंदाज, भाडं दरमहा २२,००० रुपये. बालेवाडी भागात दोन बेडरूमचा नवा फ्लॅट घ्यायचा आहे. बाजार पडलेला आहे आणि जो तो सांगतोय की हीच वेळ आहे.

हे दांपत्य आणि खाली येणारे दोन्ही प्रकल्प नमुन्यादाखल उभे केले आहेत. कायदे, कर आणि सरकारी तारखा मात्र त्या त्या वेळच्या खऱ्या आहेत.

ही मंदी काही लॉकडाऊनने आणली नव्हती. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, मे २०१७ मध्ये महारेरा (रेरा या घरखरेदीच्या कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण) आणि जुलैमध्ये जीएसटी आला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने हप्ते थकवले आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचा हात आखडला. मार्च २०२० मध्ये साइट बंद पडल्या, मजूर गावी गेले. तोवर बिल्डरांची रोकड आधीच आटलेली होती. हे ध्यानात घेतलं तरच पुढचं गणित कळतं, कारण मंदीतला बिल्डर फ्लॅट स्वस्त विकतो आहे असं वाटत असलं तरी बहुतेक वेळा तो ग्राहकाकडून कर्ज घेत असतो. सवलत म्हणजे त्या कर्जाचं व्याज. ते व्याज किती टक्के पडतं आणि त्याला तारण काय, हे पाहायचं.

दोन फ्लॅट, दोन भाव

पहिला प्रकल्प, याला ‘अ’ म्हणू. मंजूर चौदा मजले, मजल्यावर चार, एकूण ५६ फ्लॅट. चार स्लॅब झालेले. रेरा कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ६८ चौरस मीटर, म्हणजे ७३२ चौरस फूट, आणि लागून ६५ फुटांची बाल्कनी. सेल्स ऑफिसात मात्र कागदावर ‘११३० सेलेबल, रेट ६५००’. त्यावर पार्किंग ३ लाख आणि ‘इन्फ्रा’ अडीच लाख. कराराची किंमत ७८,९५,००० रुपये.

दुसरा, ‘ब’, दोन किलोमीटरवर. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळून वर्ष झालं आहे, निम्मे फ्लॅट राहते आहेत. कार्पेट ७३५ फूट, बाल्कनी ५५, सेलेबल १०६५, रेट ७०००. पार्किंग आणि इतर खर्च धरून घासाघीस झाल्यावर ७९ लाख.

दांपत्याच्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलेलं होतं : अ ६५००, ब ७०००, ब महाग. ही चूक बरेच जण करतात. सेलेबल हा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. तो बिल्डर ठरवतो. ‘अ’मध्ये वापरायच्या ७९७ फुटांवर ४२ टक्के लोडिंग (कागदावर वाढवून दाखवलेलं क्षेत्र) आहे, ‘ब’मध्ये ७९० फुटांवर ३५ टक्के. रेट कमी दाखवायचा असेल तर लोडिंग वाढवलं की झालं. म्हणून भाव काढताना एकच रीत : खिशातून जाणारी सगळी रक्कम भागिले कार्पेट अधिक बाल्कनी.

आणि ‘सगळी रक्कम’ इथे निर्णायक ठरते. भोगवटा पत्र मिळण्याआधी विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. १ एप्रिल २०१९ पासून तो ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का. ते १ टक्क्याचं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंत किमतीचं आणि महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेटचं. जीएसटीच्या या व्याख्येत पुणे महानगर नाही, त्यामुळे इथे क्षेत्रफळाची मर्यादा ९० मीटर आहे. पण आपला फ्लॅट किमतीतच बाद होतो. भोगवटा पत्र मिळाल्यावर विकलेल्या ‘ब’वर जीएसटी शून्य.

‘अ’चा भाव पुढे घासाघीस करून ६३०० वर आला, म्हणजे करार ७६,६९,००० रुपयांचा. त्यावर जीएसटी ३,८३,४५०, मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी २,३०,१००, नोंदणी फी ३०,०००. एकूण ८३,१२,५५०. ‘ब’चे ७९ लाख, मुद्रांक २,३७,०००, नोंदणी ३०,०००, एकूण ८१,६७,०००. वापरायच्या फुटामागे ‘अ’ १०,४३० आणि ‘ब’ १०,३३८. ‘महाग’ फ्लॅट स्वस्त निघाला. त्यात ‘अ’साठी किमान दीड वर्ष भाडं चालू, म्हणजे आणखी ३,९६,०००.

तरी त्यांनी ‘अ’ घेतला. कारण दोन. ‘ब’ची टँकरची बिलं मागून पाहिली तेव्हा उन्हाळ्यात सोसायटी जवळजवळ टँकरवरच चालते हे उघड झालं. (तयार इमारत घेताना ही बिलं मॅनेजरकडून जरूर मागावीत. मार्च ते मे या तीन महिन्यांची. ब्रोशर पाण्याबद्दल गप्प असतं.) दुसरं कारण जास्त वजनाचं. बँक किमतीच्या ८० टक्केच देते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची ती मर्यादा आहे, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ‘ब’साठी १५.८ लाख आणि वर २.६७ लाख, म्हणजे साडेअठरा लाख महिना-दीड महिन्यात उभे करावे लागले असते. ‘अ’साठी स्वतःचे पैसे जास्तच लागणार होते, जवळपास बावीस लाख, पण दोन वर्षांत विभागून. हा खरा व्यवहारी मुद्दा आहे. फक्त मग असं म्हणावं की पैसे हळूहळू द्यायची सोय आपण विकत घेतली, साधारण साडेपाच लाखांना. ‘मंदीत स्वस्तात मिळालं’ असं म्हणू नये.

‘नव्वद टक्के भरा, साडेचारशे कमी’

दुसऱ्या भेटीत सेल्स मॅनेजरने पान उलटलं. “सर, मॅडम, ही स्कीम वेबसाइटवर नाही. पंचेचाळीस दिवसांत नव्वद टक्के दिलेत तर रेट ६०५०. आज एक्कावन्न हजार टोकन टाका, मी फ्लॅट होल्ड करतो.”

सवलत किती? ११३० गुणिले ४५० म्हणजे ५,०८,५००. त्यावरचा जीएसटी आणि मुद्रांक वाचतो तो धरून ५,४९,१८०. आता यासाठी किती पैसे लवकर द्यायचे ते पाहू. महारेराच्या नमुना करारात हप्त्यांच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत : करारापूर्वी १० टक्के, करारानंतर ३० पर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, मग ८०, ८५, ९५ आणि उरलेले ५ ताब्याच्या वेळी. चौदापैकी चार स्लॅब झालेत तर जास्तीत जास्त ५२ टक्के, म्हणजे मूळ भावाने ४१ लाख. नव्वद टक्के म्हणजे साडेसहासष्ट लाख. पंचवीस लाख चाळीस हजार रुपये सरासरी दहा-अकरा महिने आधी द्यायचे. ढोबळमानाने वर्षाला २५ टक्के व्याज सुटतं.

इथे लोक खूश होतात. इथेच थबकायला हवं. २५ टक्क्यांनी कर्ज कोण काढतं? ज्याला बँक देत नाही तो.

शिवाय ते पंचवीस टक्केही खरे नव्हते. स्कीम न घेता नुसत्या घासाघिशीत २०० रुपये सुटलेच. म्हणजे स्कीमची स्वतःची सवलत फक्त २५० रुपये, कर धरून ३,०५,१००. व्याज उतरलं १४ टक्क्यांवर. वित्त कंपनी बिल्डरला कर्ज देते तेव्हा जमीन गहाण घेते, विक्रीचे पैसे येणाऱ्या खात्यावर हक्क ठेवते. ग्राहकाने १४ टक्क्यांवर दिलेल्या पंचवीस लाखांना तारण म्हणजे अजून न बांधलेला नववा मजला.

यातली आणखी एक गोम : बँक हे पैसे देतच नाही. बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेच कर्ज वाटायचं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना सप्टेंबर २०१३ पासून आहे. म्हणजे जादा पंचवीस लाख स्वतःचे, किंवा सासऱ्यांचे.

दांपत्याने उलट बाजूने मागणी केली आणि मंदीत तीच मान्य होते : रेट फार तोडू नका, हप्ते मागे ढकला. ठरलं ते असं. बुकिंगला १०, कराराला १०, कर्ज मंजूर झाल्यावर १५, पुढच्या दहा स्लॅबना प्रत्येकी ३, प्लास्टर-फरशीला १०, लिफ्ट आणि बाहेरच्या प्लास्टरला १५, आणि शेवटचे १० टक्के फक्त भोगवटा पत्र हातात आल्यावर. सुरुवातीला ५२ ऐवजी ३५ टक्के गेले. तेरा लाख रुपये आपल्याकडे राहिले. आणि शेवटच्या ७,६६,९०० रुपयांचं पुढे काय झालं ते खाली येईल.

बिल्डर रेट उघडपणे का पाडत नाही, हेही समजून घ्यावं. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. भाव पाडला तर आधीचे ग्राहक भांडायला येतात आणि कर्ज देणारी संस्था तारणाचं मूल्य कमी धरते. म्हणून मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, मुद्रांक आमच्याकडून, अशी वाट काढतात. तीच सूची आपल्याही कामाची. त्याच इमारतीतले गेल्या सहा महिन्यांतले दस्त काढले तर कोणाला किती किमतीला गेला ते लेखी मिळतं. ‘६५०० च्या खाली कोणाला दिलेलाच नाही’ या वाक्यावर तोच उतारा.

फार खाली भाव पाडून घेण्यालाही एक तळ आहे. कराराची किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या, मूल्याखाली गेली तरी मुद्रांक रेकनरवरच लागतो, आणि फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो फरक आयकरात खरेदीदाराचं उत्पन्न धरतात. मंदीमुळे १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळात बिल्डरकडच्या पहिल्या विक्रीला, दोन कोटींपर्यंत, ही सूट २० टक्के केली होती. या फ्लॅटचं रेकनर मूल्य बरंच खाली होतं, त्यामुळे प्रश्न आला नाही.

बांधून होईल का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. लोक मात्र तो टाइल्सच्या रंगाला देतात.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर अभियंता, आर्किटेक्ट आणि सीए यांची प्रमाणपत्रं असतात. त्यातला सीएचा फॉर्म ३ उघडावा. तो रूक्ष असतो, पण प्रकल्पाची नाडी त्यातच लागते. बांधकामाचा किती खर्च उरला आहे, विकलेल्या फ्लॅटचे किती पैसे यायचे आहेत आणि न विकलेल्यांचं मूल्य किती, हे त्यातून काढता येतं. ‘अ’मध्ये ५६ पैकी ३१ विकलेले, उरलेला खर्च ११ कोटी २० लाख, विकलेल्या फ्लॅटकडून येणं ९ कोटी ४० लाख. भागाकार ०.८४. याचा अर्थ, उद्यापासून एकही फ्लॅट विकला गेला नाही तरी ८४ टक्के काम येणाऱ्या पैशांतून निघेल. तीन-चार फ्लॅट विकले की भरून निघतं. हा आकडा अर्ध्याच्या खाली असेल तर आपल्या घराचं भवितव्य पुढच्या ग्राहकांच्या मर्जीवर आहे असं समजावं, आणि मंदीत पुढचे ग्राहक येतीलच असं नाही.

रेरात ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, याने अनेकांना निर्धास्त वाटतं. पण ते खातं म्हणजे तिजोरी नव्हे. कामाच्या प्रमाणात, तीन प्रमाणपत्रांवर, त्यातून पैसे निघतात, आणि त्यात जमिनीचा खर्चही धरतात.

मग साइट. सकाळी साडेआठला जावं, रविवारी दुपारी नव्हे. सळया बांधणारे किती, सुतार किती, सिमेंटच्या गोण्या ताज्या आहेत की कडा दगड झालेल्या. २०२० मध्ये पाहण्यासारखी खास जागा म्हणजे शेवटच्या स्लॅबवरून वर आलेल्या कॉलमच्या सळया. मार्चपासून त्या उघड्यावर, मध्ये आख्खा पावसाळा. ‘अ’च्या चौथ्या स्लॅबवर त्या नारिंगी झाल्या होत्या. तारेच्या ब्रशने घासल्यावर भुकटी निघाली आणि खाली सळईच्या कडा, म्हणजे रिब, शाबूत दिसल्या. हे चालतं. पापुद्रे निघत असतील, खड्डे पडले असतील किंवा रिब झिजल्या असतील तर नाही. तिथे सळईचा व्यास मोजून अभियंत्याचा लेखी अहवाल मागायचा. सळया मुळाशी काँक्रीटला भिडतात तो वीतभर भाग आधी पाहावा, कारण पाणी तिथेच साचतं.

कागदांत वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, बांधकाम परवाना, मंजूर नकाशा हे नेहमीचं. एक गोष्ट वारंवार सुटते : प्रकल्पावर कर्ज असेल तर त्या संस्थेचं ना हरकत पत्र आपल्या फ्लॅट क्रमांकासह घ्यावं. ‘प्रकल्पास हरकत नाही’ एवढ्याने भागत नाही.

३१ डिसेंबरची घाई

राज्याने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दरम्यान २ टक्के सवलत दिली. पुण्यात सहाचे तीन झाले. सेल्स ऑफिसात त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. पण घाईची खरी किंमत काढली तर? १ जानेवारीला दर तीनाचा चार होणार होता. फरक एक टक्का, ७६,६९० रुपये. एवढ्यासाठी नव्वद पानांचा मसुदा दोन रात्रींत वाचायचा का, हा प्रश्न होता.

मधली वाट कायद्यात आहे. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात. त्यांनी २८ डिसेंबरला मुद्रांक भरून सही केली, नोंदणी फेब्रुवारीत, रांग ओसरल्यावर. सही मात्र घाईत झालीच.

त्याआधी १० टक्क्यांहून जास्त पैसे द्यायला त्यांनी नकार दिला ते बरं केलं. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, रेराचं कलम १३. इथे दुसरे १० टक्केही नोंदणीनंतरच गेले. (वाटप पत्राचा प्रमाणित नमुना २०२२ मध्ये आला. त्यात पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही. २०२० मध्ये टोकन परत मिळणं बिल्डरच्या मनावर होतं.)

मसुद्यात त्यांनी काय पकडलं : ताब्याची तारीख. बिल्डरने ३१ डिसेंबर २०२२ आणि वर सहा महिने ‘ग्रेस’ लिहिले होते, तर महारेरावर ३० जून २०२२ होती. करारात ३० जून २०२२ घालून घेतली, ग्रेस खोडला. काय सुटलं : पान ४१ वरचं एक वाक्य, ‘भविष्यातील नियमांनुसार उपलब्ध होणारा चटई क्षेत्र निर्देशांक वापरून आराखड्यात बदल करण्यास खरेदीदाराची संमती आहे’. याच डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती आणि त्यात जादा बांधकामाला वाव मिळाला होता. बिल्डरच्या वकिलाला हे ठाऊक होतं, दांपत्याच्या वकिलाला दोन रात्रींत लक्षात आलं नाही.

टीडीएसचं थोडक्यात. ५० लाखांवरच्या खरेदीत प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून सरकारात भरायचा असतो. १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ तो ०.७५ होता. जबाबदारी खरेदीदाराची. बँक पूर्ण हप्ता थेट बिल्डरला पाठवते आणि कापायचं राहून जातं. दोघांच्या नावावर घर असेल तर फॉर्म २६ क्यूबी दोघांनी वेगवेगळा, महिना संपल्यापासून तीस दिवसांत. उशिराला दिवसाला २०० रुपये. पार्किंग आणि क्लबची रक्कमही सप्टेंबर २०१९ पासून यात धरतात.

काय बिनसलं

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, महारेराने ऑगस्टमध्ये प्रकल्पांना आणखी सहा महिने दिले. २०२२ च्या आरंभी बिल्डरने चौदाचे अठरा मजले करायचा सुधारित आराखडा मांडला. चौदा स्लॅब होऊन उभी असलेली इमारत पुढच्या मंजुरीसाठी थांबली.

रेराच्या कलम १४ प्रमाणे असा बदल करायला बिल्डर सोडून दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते. करारातली सरसकट संमती पुरत नाही. नेमका बदल दाखवून घेतलेली संमती हवी, असं मुंबई उच्च न्यायालयाने मोफा या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्याखालीही म्हटलं होतं. तेव्हा पान ४१ ने दांपत्याचा हक्क गेला नव्हता. पण व्हॉट्सअॅप गटात एकमत होईना. ज्यांना घाई होती त्यांनी सह्या दिल्या, बिल्डरने जिमची जागा वाढवून दिली, दोन तृतीयांश पुरे झाले. इथे हरकत नोंदवून ठेवणं एवढंच हातात होतं.

दरम्यान दुसरीकडून ओझं वाढलं. डिसेंबर २०२० मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्के होता, कर्ज ६.९० ने. मे २०२२ पासून रेपो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. रेपोशी जोडलेलं कर्ज आपोआप ९.४० वर. ६१,३५,२०० रुपये, वीस वर्षं : हप्ता ४७,२०० वरून ५६,८०० च्या आसपास. मंदीतले व्याजदर मंदीपुरतेच असतात. घर घेताना हप्ता आजच्या दराला नव्हे, अडीच टक्के वर धरून झेपतो का ते पाहावं.

मार्च २०२३ मध्ये पत्र आलं : ‘फिटआउट पझेशन’ घ्या, फर्निचर सुरू करा, उरलेले १० टक्के आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स भरा. भोगवटा पत्र नव्हतं. खाली एक ओळ : ‘ताबा मिळाला असून विलंबाबाबत कोणतीही तक्रार नाही.’ भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही भरणाऱ्या माणसाला हे पत्र देवासारखं वाटतं. गटातल्या निम्म्यांनी सही केली. त्यांचं विलंबाचं व्याज तिथेच अडचणीत आलं आणि मेंटेनन्सचं मीटर सुरू झालं.

या दांपत्याच्या करारात शेवटचे १० टक्के भोगवटा पत्राला बांधलेले होते. त्यांनी तीन ओळींचं ईमेल पाठवलं : कलम अमुक, भोगवटा पत्राची प्रत पाठवा, रक्कम सात दिवसांत भरतो. यापलीकडे काही लिहायची गरज नव्हती.

भोगवटा पत्र जुलै २०२३ च्या शेवटी आलं. विलंब किती? दांपत्य म्हणे १३ महिने, ३० जून २०२२ पासून. बिल्डर म्हणे सात, कारण २०२१ च्या आदेशातले सहा महिने व्याजातून वगळायचे. बिल्डरच्या म्हणण्यात तथ्य होतं; त्या आदेशात तशी तरतूद होती. सातवर हिशेब केला. व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) अधिक २ टक्के, इथे साडेदहा धरला. भरलेले ६९,०२,१०० रुपये, सात महिने : ४,२२,७५४.

पूर्ण तक्रारीऐवजी ते महारेराच्या सलोखा मंचाकडे गेले. दुसऱ्या बैठकीत ३,२५,००० वर मिटलं, आणि ते बिल्डरने द्यायचे नव्हते, शेवटच्या ७,६६,९०० मधून वजा व्हायचे होते. लाखभर का सोडले? कारण आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यात अंतर असतं. बिल्डरने दिले नाहीत तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलासारखी होते आणि तिला वेळ लागतो. आपल्याकडे राखून ठेवलेल्या पैशातून वळती होणारी रक्कम त्याच दिवशी मिळते. समझोत्यात एक ओळ त्यांनी आग्रहाने घालून घेतली : हा समझोता फक्त विलंबाच्या व्याजापुरता, दोषदुरुस्ती आणि क्षेत्रफळाचे हक्क कायम.

ताबा घेताना

क्षेत्रफळाची ओळ लगेच कामी आली. लेझर मीटरने मोजलं तर कार्पेट ६६.९ मीटर, १.१ मीटर कमी, १.६ टक्के. ‘तीन टक्क्यांच्या आत चालतं’ असं साइट इंजिनिअरने सांगितलं. नमुना करारात तीन टक्के ही फरकाची मर्यादा आहे, माफी नाही. प्रत्यक्ष क्षेत्र कमी भरलं तर किमतीचा पुन्हा हिशेब करून जादा रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत द्यायची असते. बरेच बिल्डर मसुद्यात हे वाक्य हळूच बदलतात. इथे ते मूळचंच राहिलं होतं. मोजताना प्लास्टर झालेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावं, खोलीच्या दोन टोकांना आणि मध्ये. आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरायची, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाही.

ताबा भर पावसात आला हे एका अर्थी बरं झालं. तरी बाथरूम आणि कोरड्या बाल्कनीच्या तळाला ४८ तास पाणी कोंडून ठेवलं : नाहणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा, वर प्लास्टिक, दीड-दोन इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलीची खूण. तिसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत पाहायचं. मुख्य बाथरूमखाली पाइपच्या कडेला ओल दिसली. स्लॅबमधल्या भोकाभोवती ग्राउट नीट भरलेलं नव्हतं. फरशी नाण्याने ठोकत गेल्यावर हॉलमध्ये अकरा टाइल्स पोकळ वाजल्या. प्रत्येक सॉकेट टेस्टर लावून पाहिला, दोघांत अर्थिंग नव्हतं. वीजपेटीतल्या आरसीसीबीचं (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं, स्विच लगेच पडला, म्हणजे तो ठीक होता.

सगळं फोटो, तारीख आणि खोलीच्या नावासह यादीत, ईमेलने, ताबा पत्रावर सही करण्याआधी. ताबा पत्रावर ‘सोबतच्या यादीतील दोषांच्या अधीन राहून’ असं हाताने लिहिलं.

बेडरूमच्या खिडकीतून येणारं पाणी मात्र यादीनंतर, ऑगस्टच्या पहिल्या जोराच्या पावसात दिसलं. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची पाणी जायची भोकं सिमेंटने बुजलेली, आणि ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला उतार बाहेर असायचा तो आत. भोकं सुतारानेही मोकळी करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात, आणि आपण आधी हात घातला तर ‘तुमच्या माणसाने बिघडवलं’ असं उत्तर येतं. नोटीस १२ ऑगस्टला गेली. ६ सप्टेंबरला दोन माणसं आली, उंबरा काढून नव्या उताराने बसवला, आणि जाता जाता विचारलं, वरच्या मजल्यावरच्या खिडकीचं कोणी कळवलंय का.